दोन फळ्या आणि ३४० पुस्तकं : काय ठेवू, काय काढू?

जुळ्याकडे_निघालेला

नमस्कार मंडळी. बाळीवेशीतला आमचा वाडा पाडायला काढलाय आणि आम्ही जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये निघालोय. भांडी, गाद्या, देव, आईचं जातं, सगळ्यांच्या जागा ठरल्या. पुस्तकांच्या वाट्याला दिवाणाशेजारच्या कपाटातल्या दोन फळ्या. सौ.चा निकाल, अपील नाही. मोजून पाहिलं, फळीला तीस बसतात, दाबून बसवली तर बत्तीस. वाड्यातून निघाली ३४०.

आठवडाभर कारखान्यातून (टॉवेलचा, अक्कलकोट रोडला, मी तिथे हिशेब बघतो) आलो की जोत्यावर बसतो, एकेक पुस्तक चाळतो आणि ‘ठेवायचं’, ‘द्यायचं’, ‘बघू’ असे ढीग करतो. ‘बघू’चा ढीग कमरेला लागलाय. माझी मतं अशीच, जाता जाता सुचलेली. समीक्षा वगैरे समजू नका.

‘बनगरवाडी’ ठेवायचं, चर्चा नाही. फळीत बोटभर जागा खातं. शेवटी दुष्काळ पडतो, वाडी हलते आणि लिहिणारा गळा काढत नाही. आपल्याकडच्या माणसाला तो शेवट समजावून सांगावा लागत नाही.

‘मृत्युंजय’च्या तीन प्रती निघाल्या. एक वडिलांची, एक मला दहावीत बक्षीस, एक लग्नात आहेर. सोळाव्या वर्षी माळवदावर पडून बॅटरीच्या उजेडात वाचलं होतं आणि दोन दिवस कुणाशी धड बोललो नव्हतो. परवा पुन्हा उघडलं. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण, सगळे बोलतात, पण आवाज एकच. आणि उपमा इतक्या की मध्येच पाणी प्यायला उठावं लागतं. तिन्ही द्यावीत असं वाटायला लागलंय.

‘कोसला’ दोनदा सोडलं. कॉलेजात सगळे सांगवीकरासारखं ‘वगैरे’ म्हणत फिरायचे म्हणून रागानेच सोडलं असेल. तिसऱ्यांदा चाळिशीत घेतलं. मनूच्या मरणाची पानं आली तेव्हा पुस्तक मिटून वाड्याला दोन चकरा मारल्या. ठेवायचं.

‘रारंगढांग’ दर मे महिन्यात वाचतो. बाहेर ४३ डिग्री, आत हिमालयात कड्याला सुरुंग लावून रस्ता चाललाय. कूलरला पाणी भरण्यापेक्षा सोपं.

व. पु. काळे दीड डझन. पंचविशीत वही भरून वाक्यं उतरवली होती, ती वहीही सापडली. आता वाटतं, वाक्यं आधी सुचली असावीत आणि माणसं मागून बोलावली असावीत. ‘द्यायचं’. वही मात्र ठेवतोय, का ते माहीत नाही.

इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ ठेवायचं. यशस्वी कसं व्हावं सांगणारी अकरा पुस्तकं कंपनीतून दर दिवाळीला आली, सगळी कोरी, ‘द्यायचं’. दिवाळी अंकांचं विचारू नका.

आणि एका गोणीत वडिलांची बाबूराव अर्नाळकरांची पाकीटबुकं. झुंजार, काळापहाड. पानं हात लावला की तुटतात. आजोबांना रहस्यकथा खपायच्या नाहीत, म्हणून वडील ती ज्वारीच्या कणगीमागे लपवायचे. ‘बघू’.

तर प्रश्न असा : साठ पुस्तकांत तुम्ही काय ठेवाल, आणि का?

बेबेबे

काय करलालास बे, साठ म्हणजे लई झाली की. माझ्याकडं मोबाईलमध्ये चारशे हायेत, फळीच लागत नाही.

कडकभाकरी

@बेबेबे, त्या चारशेपैकी वाचली किती ते सांग.

बेबेबे

मॅडम तुम्ही शाळेत होता तशाच हायेत अजून. तीन.

शुद्धलेखन

‘रारंगढांग’बद्दल सहमत. एक बारीक दुरुस्ती : पुस्तकात सुरुंग आहेतच, पण खरा स्फोट लेफ्टनंट विश्वनाथ आणि लष्करी शिस्त यांच्यात आहे. तो मुंबईची सुखाची नोकरी सोडून सीमेवरचे रस्ते बांधायला गेलेला इंजिनिअर. मजुरांचे जीव आधी की हुकूम आधी, या एका प्रश्नावर पुस्तक उभं आहे. कूलरशी तुलना थोडी अन्यायकारक वाटली.

जुळ्याकडे_निघालेला

कूलरशी तुलना हा सोलापुरात सर्वोच्च सन्मान आहे साहेब.

कडकभाकरी

मी ३१ वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे माझी निवड जुनाट वाटेल. ‘स्मृतिचित्रे’ तुमच्या यादीत नाही? लक्ष्मीबाई टिळकांचं पुस्तक नसलेलं कपाट मला मिठाच्या डब्याशिवायचं स्वयंपाकघर वाटतं. वडिलांचं सोवळ्याचं वेड, नवऱ्याचं धर्मांतर, ताटातूट, सगळं सोसलेलं, आणि सांगते कशी तर शेजारीण ओट्यावर बसून सांगते तशी. स्वतःची फजिती सांगताना तिला सगळ्यात मजा येते. वर्गात वाचून दाखवायची तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा हसायची, आणि ती पोरं सहसा माझ्यावरच हसायची.

दुसरं ‘माझा प्रवास’. वरसईचे विष्णुभट गोडसे पैसा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७च्या धुमाळीत सापडले. झाशी पडताना ते आत होते. इतिहासाच्या पुस्तकात तलवारी चमकतात, यांच्याकडे भूक लागते, पायाला फोड येतात, मिळवलेले पैसे चोर नेतात. शेवटी माणूस घरी येतो तो गंगेची कावड घेऊन. ते हस्तलिखित छापून यायला १९०७ उजाडलं.

पु. लं.नी केलेला हेमिंग्वेचा अनुवाद, ‘एका कोळियाने’, मला कधी रुचला नाही, हे इथे सांगून टाकते. तो म्हातारा मासा ओढताना मला सारखे पु. ल. दिसतात. त्यापेक्षा राम पटवर्धनांचं ‘पाडस’ घ्या. ज्योडीचं हरणाचं पिल्लू अमेरिकेतलं आहे हे विसरायला होतं. अनुवाद असा हवा.

शुद्धलेखन

पु. लं.वर टीका. धागा शंभरी गाठणार.

माळढोक

कोणी मारुती चितमपल्लींचं नाव कसं घेतलं नाही? अरे, आपल्या गावचा माणूस! सोलापुरात १९३२ साली जन्म, वनखात्यातल्या नोकरीची बरीच वर्षं विदर्भातल्या जंगलात, आणि २०२५च्या जूनमध्ये शेवटचा श्वास पुन्हा सोलापुरातच. त्याच वर्षी पद्मश्री. ‘चकवाचांदण’ जाड आहे, दोन इंच जागा खाईल, पण ठेवाच. सोलापूरच्या बालपणाची पानं वाचा, आपलं गाव ओळखू येत नाही इतकं झाडापाखरांचं वाटतं.

शब्द केवढे दिले त्यांनी! कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वीणवस्तीला ‘सारंगागार’. मी नान्नजच्या अभयारण्यात माळढोक पक्षी बघायला वर्षानुवर्षं जातो. दिसतो म्हणाल तर आता फक्त फलकावर दिसतो. पण माळावर उन्हात बसून ‘रानवाटा’ वाचलीय, ती वाया गेली नाही.

२००५ला आपल्याकडे साहित्य संमेलन झालं तेव्हा ते अध्यक्ष होते, मी मांडवात मागे उभा होतो.

शुद्धलेखन

२००६. एकोणऐंशीवं.

माळढोक

बरं, २००६. मागे उभा होतो हे तरी मान्य करा.

दुधनीकर

आमच्याकडे घरात कन्नड, शाळेत मराठी आणि मोंढ्यात जी भाषा भाव जास्त देईल ती. त्यामुळे भैरप्पांची ‘पर्व’ मी दोन्हीकडून वाचलीय. कन्नडमध्ये १९७९ची. महाभारतातून चमत्कार काढून टाकले तर उरतं काय, तर म्हातारी झालेली माणसं, गुडघे दुखणारी, जुने हिशेब काढत बसलेली. उमा कुलकर्णींचा मराठी अनुवाद वाचताना मला मूळ कन्नड आठवावं लागलं नाही. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड वाचून दाखवायचे आणि त्या मराठीत उतरवायच्या, हे समजलं तेव्हा कारण कळलं. कानातून आलेली भाषा आहे ती.

धागाकर्त्याला ‘मृत्युंजय’ आता जड वाटतंय ना, त्याने ‘पर्व’ घ्यावं. कर्ण तिथेही आहे, पण भाषण करत नाही.

आणि आमच्या तालुक्याचं एक पुस्तक यादीत नाही. शरणकुमार लिंबाळ्यांचं ‘अक्करमाशी’. हन्नूर आमच्या अक्कलकोट तालुक्यातलं. बारा माशांचा एक तोळा. अकरा मासे भरले की सोनं कमअस्सल, तसा तो शब्द माणसाला लावायचा. १९८४ साली पुस्तक आलं. माझे काका म्हणाले, ‘आपल्या भागाची बदनामी केली.’ मी वाचलं आणि काकांना विचारलं, यातलं खोटं काय आहे ते सांगा. ते उठून गेले. परत त्या विषयावर आमचं बोलणं नाही.

कडकभाकरी

@दुधनीकर, हे शेवटचं वाचून थांबले जरा.

पाळीवाला

मी एरवी वाचून गप्प बसतो. आज ‘मृत्युंजय’बद्दल लिहायलाच पाहिजे.

माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साच्यावर होते. सातवी शिकलेले. त्यांनी आयुष्यात जाड पुस्तक एकच वाचलं, ते हे. रात्रपाळीला जाताना डब्याच्या पिशवीत न्यायचे. सुट्टीचा भोंगा झाला की एकजण मोठ्याने वाचायचा आणि पाच-सहाजण भाकरी खात ऐकायचे. त्यात एकजण तेलुगू बोलणारा होता, त्याला सगळं कळायचं नाही, तरी बसायचा. कुंतीने नदीत सोडलेलं पोर, सूताच्या घरी वाढतंय, अंगात धमक आहे आणि भर सभेत त्याला जात विचारली जातेय. सगळ्यांचा आवाज एक आहे म्हणता? साच्याच्या खडखडाटात दिवस काढलेल्या माणसाला मोठाच आवाज ऐकू येतो, साहेब. उपमांचं म्हणाल तर त्या त्यांना पाठ होत्या. मिल बंद पडली तेव्हा वडील चार महिने घरात बसून होते. तेव्हा ते पुस्तक त्यांनी पुन्हा काढलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, कर्णाचं चाक रुतलेलं पान नको आता.

त्या प्रतीला कव्हर नाही, तेलाचे डाग आहेत. आमच्याकडे पुस्तकं सतराच आहेत. ते पहिल्या नंबरला आहे.

जुळ्याकडे_निघालेला

वाचलं. दोनदा वाचलं. उत्तर लगेच देत नाही.

शुद्धलेखन

पाळीवाल्यांच्या भावनेचा आदर आहे. पण भावना आणि पुस्तकाची गुणवत्ता यांची गल्लत नको. ‘मृत्युंजय’ आणि इरावतीबाईंचं ‘युगान्त’, दोन्ही १९६७ची. एकाच वर्षी मराठीत दोन कर्ण आले. एक सूर्यपुत्र, तेजस्वी, अन्याय झालेला. दुसरा ‘मी कोण?’ या प्रश्नात अडकलेला, चुकणारा, द्रौपदीच्या वस्त्रहरणाच्या सभेत नको ते बोलणारा. मराठी वाचकाने पहिला डोक्यावर घेतला आणि दुसऱ्याला अकादमीचा पुरस्कार देऊन कपाटात ठेवला. यातून वाचक म्हणून आपल्याबद्दल जे कळतं ते सुखाचं नाही.

पाळीवाला

द्रौपदीला तो जे बोलला ते चूकच. आमच्या वडिलांनाही ते पान आवडायचं नाही, वाचणाऱ्याला ‘पुढं चल’ म्हणायचे. पण कोणता कर्ण डोक्यावर घ्यायचा हे ज्याच्या डोक्यावर ओझं आहे तो ठरवेल.

बेबेबे

टाळ्या बे टाळ्या.

कडकभाकरी

शुद्धलेखन, तुम्ही दोन कर्ण म्हणालात ते पटलं, पण दोघांत कुस्ती कशाला लावता? मी मुलांना आधी ‘मृत्युंजय’ वाचा म्हणायची आणि दोन वर्षांनी ‘युगान्त’. आधी प्रेमात पडल्याशिवाय भ्रमनिरास कसा होणार? थेट ‘युगान्त’ दिलेली मुलं हुशारीने बोलायची, पण त्यांचं काही मोडलेलं नसायचं.

‘युगान्त’मध्येही सगळं पटतं असं नाही. विदुर आणि धर्म हे बापलेक असावेत, हा बाईंचा तर्क वाचताना मोठा देखणा वाटतो. पुस्तक मिटल्यावर दुधाचं पातेलं उतरवता उतरवता शंका येते.

पुण्यात_पोटासाठी

सोलापूरकरहो, इकडे भाड्याच्या खोलीत एकच फळी आहे आणि तिच्यावर शेंगाचटणीचा डबा. दर महिन्याला घरून येते. परवा झाकण नीट लागलं नव्हतं, तेल सुटून ‘रणांगण’वर आलं. विश्राम बेडेकरांची १९३९ची कादंबरी, युरोपातून परतणाऱ्या बोटीवरचं चक्रधर आणि हर्टाचं प्रेम, डोक्यावर युद्ध. आता प्रत्येक पानाला लसणीचा वास येतोय. हर्टा रडते आणि मला भूक लागते.

बेबेबे

=)) =)) =))

माळढोक

टाल्कम पावडर टाकून पानांमध्ये टिपकागद ठेव, वर वजन ठेव. दोन-तीनदा बदल. तेल जाईल, वास जाणार नाही. जाऊही नये.

अवांतर : आपल्या हवेत पुस्तकं कोकणापेक्षा जास्त टिकतात. कोरडं ऊन. शत्रू दोनच, कसर आणि वाळवी. कपाट भिंतीला चिकटवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. कडुलिंबाचा वाळलेला पाला नाहीतर वेखंड. डांबराच्या गोळ्या मला सोसत नाहीत, वाचताना डोकं दुखतं.

रद्दीतला_राजा

माझं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे, कुठे ते सांगत नाही, जाहिरात वाटेल. धंद्यातला अनुभव सांगतो. वाडे पडायला लागले तसे दर महिन्याला दोन-तीन घरांतून बोलावणं येतं. सगळीकडे तेच निघतं : ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’, ‘ययाति’, ज्ञानेश्वरी, विश्वकोशाचे सुटे खंड, दहावीचे निबंध. यशस्वी व्हायची पुस्तकं मी घेत नाही. घेतली की बसतात. ज्यांना पाहिजेत ते फुटपाथवर नवी स्वस्तात घेतात.

‘स्वामी’ आणि ‘मृत्युंजय’ आजही आठवड्यात एक जातंच. घेणारे कोण? बांधकामावरचा मुकादम, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, एक नर्स. ‘कोसला’ मागणारे चष्मेवाले असतात आणि भाव करतात.

आणि ती अर्नाळकरांची गोणी. दादा, फेकू नका. त्यांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली, पण माझ्या हाताशी आजवर वीस-बावीसच आली. लोक वाचायचे आणि टाकायचे. म्हणूनच राहिली नाहीत. मी घेतो. बोलू खाजगीत.

शुद्धलेखन

अर्नाळकर आणि इरावतीबाई एकाच धाग्यावर. चालू द्या.

कडकभाकरी

का चालू नये? माझ्या आईला वाचायची गोडी अर्नाळकरांमुळे लागली. चौथी शिकलेली बाई. झुंजार सुटतो की नाही याची काळजी तिला आमच्या परीक्षेपेक्षा जास्त असायची.

संपादक मंडळ

पु. ल. विरुद्ध बाकी जग या विषयावरचे अठरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे फळ्यांबद्दल बोलावे.

कुंभारी_फाटा

मी कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहतीत राहतो. कुंभारीला, विडी कामगार बायांची दहा हजार घरं आहेत ती. अम्मा चाळीस वर्षं विड्या वळतेय. लहानपणी मला वाटायचं गोदूताई म्हणजे कुणीतरी बांधकामवाली बाई असेल, तिच्या नावाने बिल्डिंगा असतात तसं. पत्ता लिहिताना रोज नाव लिहायचो आणि माहीत काहीच नव्हतं.

कॉलेजला असताना हिराचंद नेमचंद वाचनालयात ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक दिसलं, वर तेच नाव. म्हटलं आपल्या पत्त्यावरची बाई! तिथेच बसून वाचायला घेतलं. वारल्यांची गोष्ट. वेठबिगार, सावकार, जंगलातून पायी फिरणारी ही शिकलेली बाई, १९४५चा उठाव. मराठी माझी तिसरी भाषा, घरी तेलुगू, गल्लीत हिंदी, तरी अडलं नाही. साधं लिहिलंय. पुस्तक १९७०चं आहे, साहित्य अकादमी मिळालेलं.

घरी आलो आणि अम्माला रात्री तेलुगूत सांगत बसलो. ती सुपात पानं कातरत होती. तिने एवढंच विचारलं, ‘हजारी किती मिळायची, त्या वारल्यांना?’ म्हणजे हजार विड्यांची मजुरी असते ना, ती. मी म्हटलं, त्यांना विड्या नव्हत्या अम्मा, गवत कापायचे. मग ती म्हणाली, ‘तेच ते.’

ते पुस्तक मी नंतर विकत घेतलं. आमच्या घरी फळी नाही, टीव्हीवर ठेवलंय.

पाळीवाला

भावा, कधी भेटू.

दुधनीकर

हे वाचून आजचा दिवस भरला.

शुद्धलेखन

माझ्याकडे दुरुस्ती नाही.

बेबेबे

शुद्धलेखनकाका गप्प! तारीख लिहून ठेवा बे कुणीतरी.

सिरियसली, मी गोदूताई वसाहतीवरनं रोज जातो, पाटी पण वाचतो. उद्या पुस्तक बघतो. मोबाईलवर नाही, कागदाचं.

पुण्यात_पोटासाठी

धागाकर्ते, गप्प का? ट्रक आला का?

जुळ्याकडे_निघालेला

ट्रक काल आला आणि गेला. सगळ्यांना एकत्र उत्तर देतो, टंकायला वेळ झाला कारण बोटांना अजून खोक्यांच्या सुतळीचे वळ आहेत.

आधी हिशेब. दोन फळ्यांत बत्तीस-बत्तीसप्रमाणे ६४ बसली, दोन आडवी घुसवली, ६६. ‘चकवाचांदण’ माझ्याकडे नव्हतंच, आता विकत घ्यायचं तर ६७वी जागा काढावी लागेल. म्हणजे धाग्याने मला नफ्याऐवजी तोटा केला. ‘स्मृतिचित्रे’ होतं बरं का कडकभाकरीताई, स्वयंपाकघरात सापडलं. आई वाचायची, मधे रेशन कार्ड ठेवलेलं.

व. पुं.ची दीड डझन, यशस्वी व्हायची अकरा आणि आणखी दोनशेच्या आसपास पुस्तकं एका शाळेत द्यायला गेलो. तिथे म्हणाले यादी टंकून, तीन प्रतींत, शिक्क्यासह आणा. शाळेचं नाव घेत नाही. यशस्वी व्हायची तेवढी त्यांनी यादीशिवाय ठेवून घेतली. बाकीची कारखान्यात, पॅकिंग खात्याच्या शेजारी रिकाम्या मांडणीवर लावली. तिथे वही नाही, नोंद नाही, घ्या आणि आणून ठेवा. चार दिवसांत नऊ गेली. त्यातली पाच व. पु. पॅकिंगच्या पोरी जेवणाच्या सुट्टीत एकमेकींना वाक्यं वाचून दाखवतात. मी गप्प बसलोय.

आता ‘मृत्युंजय’. पाळीवाले, तुमचा प्रतिसाद वाचून वडिलांची प्रत पुन्हा उघडली, या वेळी दुसरं काही शोधत. वडील मिलमध्ये नव्हते, पेढीवर दिवाणजी होते, खुणा करायची सवय. मी सोळाव्या वर्षी उपमांखाली रेघा मारल्या होत्या. त्यांच्या रेघा फक्त राधेच्या मजकुराखाली. राधा म्हणजे कर्णाला वाढवणारी. वडील दत्तक गेलेले होते, हे मी इथे कधी लिहिलं नव्हतं. घरातही त्यावर कुणी बोलत नसे. मी हे पुस्तक तीस वर्षं माझंच समजत होतो.

ती प्रत फळीवर आहे. ‘युगान्त’च्या शेजारी ठेवली, शुद्धलेखन यांच्या समाधानासाठी. बक्षिसाची प्रत मांडणीवर ठेवली. आहेराची कोरी आहे, ती कुंभारी_फाटा यांना चालत असेल तर द्यायची आहे. टीव्हीवर जागा असेल का?

कुंभारी_फाटा

टीव्ही भिंतीला लावायचा विचार चाललाय. मग जागाच जागा. द्या.

शुद्धलेखन

समाधान झालं. ‘युगान्त’ डावीकडे की उजवीकडे?

जुळ्याकडे_निघालेला

डावीकडे.

रद्दीतला_राजा

दादा, आणि अर्नाळकर? खाजगीत उत्तर नाही दिलं तुम्ही.

जुळ्याकडे_निघालेला

राजे, माफ करा, देववेना. सौ.ला सांगितलं की गोणी रद्दीवाल्याला दिली. ती गाडीच्या डिकीत आहे, स्टेपनीच्या मागे, वर जुनी चादर टाकलीय. रोज दुपारी कारखान्याच्या आवारात डबा खाताना एक काढतो. काल ‘काळापहाड’ची शेवटची आठ पानं गायब निघाली. कुणाकडे असतील तर कळवा.

माळढोक

पानं मिळतील तेव्हा मिळतील. आधी गोणी डिकीतून काढा, या उन्हात पाठीचा डिंक सुटतो. ज्वारीची कणगी आहे का नव्या घरात?